बॉनेटमध्ये डोकं घातलेले साडू

साताऱ्यात बंद पडलेली गाडी चालू करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण धडधाकट गाडी दुरुस्त करून बंद पाडावी ती आमच्या थोरल्या साडूंनीच. ते फौजेतून निवृत्त झाले. तिथं ते रणगाडे उघडत असत अशी गल्लीतल्या लोकांची समजूत आहे. प्रत्यक्षात ते लंगरात भाजी ढवळत होते, पण ती समजूत त्यांनी कधी खोडून काढलेली नाही. त्यांची तपासणीही स्वयंपाकघरातलीच. इंजिन ऑइल बोटावर घेऊन हुंगायचं, गिअरबॉक्सचा आवाज ऐकून 'आजून शिजली न्हाई' म्हणायचं. एकदा रेडिएटरला उकळी आली का ते पाहायला त्यांनी झाकण उघडलं, तेव्हापासून त्यांची डावी भुवई अर्धीच आहे. गॅरेजवाले म्हणजे त्यांच्या मते कसाई. त्यापेक्षा मोबाइलवर कुठल्याशा परक्या भाषेतले व्हिडिओ बघत ते इंजिन खोलतात, जोडतात, आणि उरलेले नटबोल्ट 'कंपनीनं जादाच घातल्यात' म्हणून पापडाच्या डब्यात टाकतात.

गाडी त्यांच्या एकुलत्या लेकीच्या बारशाच्या सुमारास घेतलेली, कंपनीलाही आता आठवणार नाही इतकी जुनी. गेल्या उन्हाळ्यात ही लेक पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीहून माहेरी यायची होती. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीबाई, म्हणाल्या की भाड्याची गाडी सांगू. साडू दुखावले. आपली गाडी दारात असताना लेक भाड्याच्या गाडीतनं येणार असेल तर मी जेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि जेवून निघाले. आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दाजी, तुमी संगं जावा. धक्का मारायला कोन तरी पायजे."

कराडच्या पुढं गाडी उन्हात रस्त्याच्या मधोमध थांबली. साडू बॉनेटमध्ये शिरले. त्यांनी आधी प्लगवर आळ घेतला, मग कॉइलवर, मग पेट्रोल भरणाऱ्या माणसावर. अखेर गुन्हेगार निघाला तो इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप. तो तापला की संपावर जायचा. मग त्याला ओला टॉवेल गुंडाळायचा, निवला की निघायचं, थोडं पुढं जाऊन परत थांबायचं, असं करत आम्ही सांगलीला टेकलो.

लेक दारातच उभी होती. बॉनेटखालून ठिबकणारं पाणी तिनं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, वाटंत मला काय झालं तर? मी हिच्यात न्हाई बसायची." जावयानं भाड्याच्या गाडीसाठी फोन काढला. साडूंनी पंपावरचा टॉवेल काढून पिळला. मग एवढंच बोलले, "ऊन उतरंपातूर थांब."

नवा पंप घ्यायला गेलो तर पेठेतल्या दुकानदारांनी असा पंप आता येत नाही म्हणून सांगितलं आणि आम्हाला मिरज रस्त्यावरच्या एका भंगारवाल्या चाचांकडं धाडलं. तिथं कोपऱ्यात साडूंच्याच मॉडेलची गाडी उभी होती, रंगसुद्धा तोच. साडू पान्हा घेऊन धावलेच. जवळ गेल्यावर मात्र थबकले. मागच्या काचेवर कुणा लहान पोरानं चिकटवलेली फुलपाखरं अर्धवट निघालेली होती.

"मालक वारले," चाचा म्हणाले. "पोरं भायेर असत्यात. आनून सोडली. उद्या कापायची हाय, पायजे ते काडून घ्या."

साडूंनी पंप काढला. काम झाल्यावर त्या गाडीचं बॉनेट त्यांनी न आपटता, दोन्ही तळव्यांनी दाबून हळू लावलं.

नवा म्हणजे जुनाच पंप बसवून त्यांनी इंजिन चालू केलं आणि कितीतरी वेळ तसंच चालू ठेवलं. ते बंद पडेना तेव्हा लेक येऊन पुढच्या सीटवर बसली. साताऱ्यापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. आता सबंध रस्ता बढाया ऐकाव्या लागणार म्हणून मी मनाची तयारी केली होती, पण लेकीचा डोळा लागला होता आणि साडू प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ उभीच करत होते. उंब्रज मागं पडल्यावर ते तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"पावणं, त्या मानसानं बी लय जपली आसंल वो."