अर्धं वर्तुळ टोटलचं

बाळांनो, परवा धाकटीने शाळेत केलेला पाय चार्ट तुम्ही मला फोनवर पाठवलात. सगळ्यांनी कौतुक केलं, मी काहीच लिहिलं नाही. आजीला कळलं नसेल, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपुरात मी हेच शिकवत होते, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्या आजोबांनाही मी ती पुरती सांगितली नव्हती. आता डोळे अधू होत चाललेत, म्हणून लिहून ठेवते.

मुलींच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत असे. कॉम्प्युटर एक, मुली अकरा. आठवड्यातून प्रत्येकीला दहा मिनिटं मिळत, तीही वीज असली तर. बाकी सराव वहीत. चौकटी आखायच्या, आकडे भरायचे, कोणती कळ दाबायची ते बाजूला लिहायचं. आमच्या पडद्यावर फक्त अक्षरं आणि आकडे दिसत. चार्ट बघायचा तर छापावाच लागे, आणि प्रिंटरची रिबन परीक्षेसाठी राखून ठेवलेली होती.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, हिशेबाची शिस्तही तिथलीच. तक्त्याखाली टोटलची ओळ आणि तिच्याखाली दुहेरी रेघ नसली, की मी वही परत करायचे. स्प्रेडशीटलाही मी तोच नियम लावला. ‘चार्टसाठी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडा,’ असं वर्षभर सांगत राहिले. शेवटची ओळ टोटलची आहे, चार्टमध्ये तिचाही तुकडा पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या मुलींत एक विणकराची मुलगी होती. तिने आपल्याच गल्लीतल्या घरांची माहिती गोळा केली होती: हातमाग कुठे उरले, पॉवरलूमवर कोण जातं, विड्या कोण वळतं. तिचे वडील मला आधीच भेटून गेले होते. “बाई, पास झाली तं पुढं शिकन. नापास झाली तं उमरेडचं स्थळ पक्कं करतो. मंग मले काही म्हणू नका.”

प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळ्यांचं काम डिस्कवर जमा झालं आणि मग छपाई सुरू झाली. पहिला कागद तिचाच निघाला. वर्तुळाचा बरोबर अर्धा भाग एकाच तुकड्याने व्यापला होता. शेजारी छापलं होतं, टोटल, ५० टक्के.

“अर्धी भाकर तं टोटलच खाऊन राहिली वं,” मागून कोणीतरी कुजबुजलं. दोघीतिघी हसल्या. ती माझ्याकडे बघत होती. मग एकेक कागद येत गेला. अकराही तसेच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी म्हणाले, “सर, मीच असं शिकवलंय. मुलींना दुसरं माहीतच नाही.”

“मॅडम, शिकवणाऱ्याचे मार्क द्यायला माझ्याकडे रकाना नाही,” ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. निम्मे गुण चार्टला होते, आणि पास व्हायला निम्म्याहून जास्त लागत. सगळ्या नापास झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपेठेतून सायकलरिक्षा करून मी तिच्या घरी गेले. आई दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती, तिचा हात थांबला नाही. वडिलांनी पाट दिला, पाणी दिलं. चूक माझी आहे, पुन्हा परीक्षा घ्यायला लावते, मला चार महिने द्या, असं मी तीनतीनदा म्हणाले. रडलेही. माझ्या रडण्याने तेच ओशाळले.

“असन बाई तुमची चूक. पण नापास म्हणून नाव तं तिचंच लागलं ना.” मग म्हणाले, “पाहुणे परवा येऊन राहिले.”

ती आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

त्याच दुपारी मी प्राचार्यांना पत्र टाइप केलं. नंतर आणखी दोन पाठवली. दिवाळीनंतर परीक्षा पुन्हा झाली. दहा जणी बसल्या, दहाही पास झाल्या. अकरावा नंबर पुकारला, तेव्हा ती उमरेडला सासरी होती. उमरेड काही लांब नाही. मी कधी गेले नाही.

त्या पहिल्या पत्राची कार्बन कॉपी माझ्या कपाटात आहे. शाई फिकी झाली आहे, पण चूक माझी होती, मुलींची नव्हती, हे वाक्य अजून वाचता येतं.