व्हिएतनामच्या आधी दोन दिवस जव्हार

नाशिकच्या स्टँडवर जव्हारची गाडी लागली तेव्हा यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी आहे ना, हे मी तिसऱ्यांदा पाहिलं. चिठ्ठीवर यांचं नाव आणि माझा मोबाइल नंबर होता. "काय बघतेस सारखी?" यांनी विचारलं. धागा लोंबतोय, असं मी खोटंच सांगितलं.

त्याचं असं झालं होतं. दिवाळीनंतर आम्ही दोघं व्हिएतनामला जाणार होतो. आधी जुनी पिवळ्या भिंतींची गावं, मग भातशेतीचा मुलूख, आणि शेवटी बोटीवर राहून बेटं. आमच्या केतकीने, मुलीने, उन्हाळ्यातच सगळं ठरवून टाकलं. यांचं सारं आयुष्य टपालाच्या सॉर्टिंगमध्ये गेलं. दुसऱ्यांची पत्रं गावोगाव पाठवली, स्वतः मात्र महाबळेश्वरच्या पलीकडे फारसे कुठे गेले नाहीत. म्हणून त्यांना कोण आनंद झाला. बेटांचे फोटो मोबाइलवर रोज बघायचे.

मग श्रावणात एक दिवस दूध आणायला गेले आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी धरून उभे राहिले. शेजारच्या काकू हाताला धरून घरी घेऊन आल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याची सुरुवात आहे, म्हणाले. प्रवासाला हरकत नाही, पण एकटं सोडू नका. टूरवाल्यांना पुढच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. केतकी फोनवर म्हणायची, आई, तू ठरव. मी काय ठरवणार? आजवर तिकीट यांनी काढायचं आणि मी खिडकीशी बसायचं, एवढाच माझा प्रवासाचा अनुभव.

म्हणून मी ही तालीम काढली. दोन दिवस, परक्या गावात, जिथे आमच्या ओळखीचं कोणी नाही आणि भाषाही थोडी वेगळी. तिथे यांना जमलं तर व्हिएतनाम, नाहीतर नाही. यांना मी एवढंच सांगितलं की थोडी हवा बदलून येऊ.

त्र्यंबक मागे पडलं आणि गाडी वळणं घेऊ लागली. डोंगराच्या उतरणी खुरासणीच्या फुलांनी पिवळ्या झाल्या होत्या. भात कुठे पिकलेलं, कुठे अजून हिरवट. बघण्यासारखं खूप होतं, पण मी यांच्याकडेच बघत होते. हे मात्र खुशीत होते. "मोखाड्याचा पिनकोड चारने संपतो, जव्हारचा तीनने," असं त्यांनी कंडक्टरने न विचारताच त्याला सांगितलं. कंडक्टरने मान डोलावली. सकाळच्या गोळ्या घेतल्या का, हे ज्यांना आठवत नाही त्यांना ते कसं आठवतं, हे मला डॉक्टरांनीही नीट सांगितलेलं नाही.

मोखाड्याला गाडी दहा मिनिटं थांबली. हे खाली उतरले, चहा घेतला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चहा मागितला. परत चढताना शेजारच्या भलत्याच गाडीकडे वळले. मी पर्समधली छोटी वही काढली आणि लिहिलं: चहा दोनदा. चुकीची गाडी. पुढे फुली.

जव्हारला एका घरगुती निवासात खोली मिळाली होती. मालकीणबाईंनी जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. हे दोन भाकऱ्या जेवले आणि बाईंना म्हणाले, अशी भाकरी आमच्याकडे होत नाही. बाई खूश झाल्या. मी मात्र मोरीचं दार कुठलं हे यांच्या लक्षात राहतंय का, तेच पाहत होते. नाही राहिलं. आधी कोठीचं दार उघडलं. फुली.

दुपारी राजवाडा पाहिला आणि ऊन उतरल्यावर शिरपामाळला गेलो. शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला होता म्हणतात. माळावर वारा होता. समोर डोंगरामागे डोंगर, मधल्या दऱ्यांत पांढुरकं धुकं. हे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "खाली पाणी आहे असं समज. झाली की नाही बेटं?" खरंच तसं दिसत होतं. मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी चपलेतला खडा काढायला खाली बसले. सोमवारी नाही म्हणायचं, हे मी मनात जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

तिथे आम्हाला घेऊन आला होता तो जीपवाला काशिनाथ. चाळिशीचा, जवळच्याच साखरशेत पाड्याचा. ठाण्याला बरीच वर्षं बांधकामावर होता, त्यामुळे बोलण्यात मधेच हिंदी यायची. उद्या हळवं (लवकर पिकणारं) भात कापायला घेणार आहे, बघायला या, असं त्याने आग्रहाने सांगितलं. दुपारच्या गाडीने परतायचं होतं. तोवर सकाळ मोकळीच होती.

साखरशेतला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. काशिनाथच्या अंगणात आम्हाला खाट टाकून दिली. त्याची बायको बांधावरून आली, तिने पाणी दिलं आणि मला आत बोलावून नागलीची कणसं दाखवली. आत फार तर पाच मिनिटं गेली असतील. बाहेर आले तर खाटेवर यांची टोपी होती. हे नव्हते.

आधी मी घराला फेरी मारली. मग हाक मारली. मग ओरडून हाक मारली. काशिनाथ शेतातून धावत आला. मी फोन काढला तर त्यावर रेंजची एक काडी नाही. यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता आणि तो नंबर इथे कोणाच्या कामाचा नव्हता. व्हिएतनामसाठीही मी हाच एक उपाय शोधून ठेवला होता.

काशिनाथने दोन माणसं विहिरीकडे पाठवली. विहीर हा शब्द ऐकून मी त्यांच्यामागे निघाले, तर काशिनाथने अडवलं. "मावशी, टेन्शन नका घेऊ. मिल जायेगा," तो म्हणाला. "रान सगळ्यांच्या पायाखालचं हाय." त्याची बायको माझ्याबरोबर चालू लागली. आम्ही पाड्याच्या वरच्या अंगाला गेलो, तिथून खाली ओहोळापर्यंत. बांधावरून चालायची मला सवय नाही. दोनदा चिखलात पाय गेला, एक चप्पल तिथेच राहिली. घामाने आणि भीतीने मला समोरचं नीट दिसत नव्हतं. डोक्यात एकच चालू होतं. केतकीला मी काय सांगू? तालीम म्हणून नेलं आणि घालवून आले, असं सांगू?

तासाभराने पलीकडच्या टेकाडावरून काशिनाथने हात हलवला. तिथे शेताच्या कडेला पाखरं हाकायला बांधलेला एक मांडव होता. मांडवाखाली एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी हे, मांडी घालून, गवताची काडी चावत.

मी धावत गेले. यांच्या दंडाला नुसतं धरून उभी राहिले. म्हातारीचं नाव बुधीबाई. काशिनाथची चुलती लागत होती. ती शांतपणे सांगू लागली, की हा डोसा (म्हातारा) बांधावरून वर जाय, पुन्हा खाली येय. कोणाचा, कुठला, काही सांगेना. तिचा नवराही शेवटी शेवटी असाच हिंडायचा, म्हणून तिने ओळखलं.

"मी सांगला, बस अठं (इथं)," ती म्हणाली. "सोधणारा येल. सोधणारा हिंडं आन हरवलेला बी हिंडं, मंग गाठ कशी पडल?"

यांना बसवून घेणारं कोणी भेटलं म्हणूनच हे सापडले, हे मला तेव्हा कळलं. काशिनाथच्या बायकोने माझी चप्पल शोधून आणली होती. ओहोळावर धुऊन तिने ती माझ्या पायाशी ठेवली. त्या दोघांची कापणीची सकाळ आमच्यापायी गेली होती. मी तसं म्हटलं, तर काशिनाथ हसला आणि भात कुठे पळून जात नाही म्हणाला.

दुपारच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मोखाडा आलं. गाडी थांबली, पण आम्ही उतरलो नाही.

"तू मला पारखायला आणलं होतंस," हे म्हणाले. प्रश्न नव्हताच तो.

मी हो म्हटलं.

"मला कालच कळलं. तू सारखी वही काढत होतीस." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला लघवीला जायचं होतं. कुठे जायचं ते विचारायला मी उठलो होतो. पण विचारलं असतं तर तू आणखी एक फुली मारली असतीस. म्हटलं, आपलं आपण शोधू. मग मागे फिरलो तर सगळी घरं सारखीच दिसायला लागली."

एवढा तासभर मी त्यांच्या आजाराला दोष देत होते. ते हरवले होते माझ्या धाकाने.

मी पर्समधून वही काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं सगळं वाचलं. "हे चुकलंय," ते म्हणाले. "चहा दोनदा मागितला, कारण पहिला गार होता. आणि चुकीच्या गाडीकडे वळलो खरा, पण पाटी वाचून माझा मीच मागे फिरलो. ते तू लिहिलेलं नाहीस." कोठीच्या दाराजवळ ते थांबले. "हे मात्र बरोबर आहे."

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मी त्यांना विचारलं, तुम्हाला जायचं आहे का खरंच? ते म्हणाले, जायचं आहे, आणि भीतीही वाटते. रात्री जाग आली की आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही, तिथे बोटीवर काय होईल, म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हे मला सांगितलं. मीही सांगितलं की मला तर आतापासूनच झोप लागत नाही. मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. हरवलं तर हिंडायचं नाही, आहे तिथे बसायचं, मी येईन. आणि काहीही विचारावंसं वाटलं तर शंभरदा विचारायचं.

नाशिकला उतरलो तेव्हा स्टँडवर संध्याकाळची गर्दी होती. या गावात आमची चाळीस वर्षं गेली. गर्दीच्या मधोमध हे थांबले आणि चार लोकांत, मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, आपली रिक्षा कुठल्या बाजूला मिळते?" एक तरुणी वळून बघायला लागली. मी म्हटलं, "डावीकडे."

सोमवारी मी टूरवाल्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. पलीकडचे गृहस्थ जरा घुटमळले. डॉक्टरांचं पत्र मागितलं, आणि बरोबरच्या मंडळींना कल्पना द्यावी लागेल म्हणाले. मी म्हटलं, जरूर द्या. पत्र दिलं. त्यांनी होकार कळवला. बेटांमध्ये बोटीवर एक रात्र आहे, तिची मला अजून भीती वाटते आणि ती जाईल असं वाटत नाही.

जायला आता अकरा दिवस उरले आहेत. बॅग अर्धी भरून झाली आहे. सकाळी हे नकाशा घेऊन बसतात आणि त्या पिवळ्या भिंतींच्या जुन्या गावाचं नाव विचारतात. होई आन, मी सांगते. संध्याकाळी पुन्हा विचारतात. पुन्हा सांगते.