सदूभाऊंचं कापलेलं कडवं

सदूभाऊ गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही चुकीची. म्हणजे माणूस गेला होता, ते खरंच होतं. पण फोटोखाली लिहिलं होतं, 'पारंपरिक कोकणी गीताचा आवाज हरपला.' पारंपरिक? अहो, ज्या गाण्यात होमस्टे आहे, एसी आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, ते गाणं पारंपरिक कसं असेल? सदूभाऊंनी गेल्या शिमग्यानंतर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, स्वतःच्या डोक्यातून काढलेलं गाणं ते! महिना उलटून गेला, तरी माझ्या डोक्यातली तिडीक काही जात नाही.

तळा तालुक्यातल्या त्यांच्या गावात मी शाळेवर पंचवीस वर्षं होते. आता निवृत्त होऊन म्हसळ्याला राहते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सदूभाऊ जाखडीच्या नाचाचे शाहीर होते. मध्ये ढोलकी, भोवती घुंगरं बांधलेले नाचे, आणि मधोमध हा किडकिडीत माणूस समोरच्या मंडळाची अशी काही फिरकी घ्यायचा की हरलेलेसुद्धा हसायचे. पण तेवढ्यावर पोट कुठे भरतं? मुंबईत कारखान्यात होते तेव्हा कामगारांच्या नाटकात लुगडं नेसून सासू झाले. ऑर्केस्ट्रात पक्ष्यांचे, पुढाऱ्यांचे आवाज काढले. म्हसळ्यात हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही लग्नांत माइक धरून पाहुण्यांना हसवलं. रिक्षात बसून पोलिओच्या डोसाची दवंडी दिली, ती ऐकायला पोरं रिक्षामागे धावायची. आणि म्हातारपणी काशीदच्या एका हॉटेलात पर्यटकांसमोर कोळी बनून नाचायला लावलं त्यांना! मी भडकले. तर म्हणाले, "बाई, मी कुनबी, समुद्राला घाबरतो. पन वल्हवतो असा की खऱ्या कोळ्याला वाटंल, ह्यो कुठल्या बंदरावरचा?" आणि बसल्या जागी वल्हवून दाखवलं. हसू आवरेना मला. पण राग होता तो होताच.

चाळिशीत हा माणूस एकदा शाळा सुटल्यावर दारात उभा राहिला. गाणी सगळी डोक्यात, लिहिता येत नव्हतं. कुणीतरी त्यांचं गाणं आपल्या नावावर गायलं होतं. "बाई, मला लिवायला शिकवा. सहीपुरतं नको, गान्यापुरतं पायजे." बाकावर गुडघे मुडपून बसायचे. वेलांटी चुकली की मी मुलांना रागवायचे तशीच त्यांनाही रागवायचे, आणि ते मुलांसारखेच जीभ चावायचे... दोन पावसाळे लागले. पुढे प्रत्येक गाणं वहीत लिहून मला तपासायला आणून द्यायचे. शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायची शाहिरांची रीतच आहे. आधी गुरूचं, मग आपलं, मग गावाचं. सदूभाऊंचं ते कडवं वर्षानुवर्षं तेच. ज्या म्हाताऱ्याकडे ते ढोलकी शिकले त्याचं नाव, मग 'सदू शाहीर', मग गाव. पुढे पुढे मी ते पान वाचायचंही सोडून दिलं.

आणि मग वहीत हे गाणं आलं. घराचा होमस्टे केलेल्या शेतकऱ्याचं गाणं. 'सायेब निजला खाटंवरी, मी गोठ्यात म्हशीच्या शेजारी.' त्याच्या विहिरीचं पाणी पाहुण्यांना, त्याच्या झाडाचे आंबे पाहुण्यांना, आणि शेवटी म्हैसच त्याला विचारते, तुझं बुकिंग आहे का? वाचून पोट धरधरून हसावं आणि मग आपल्याच गावाची शरम वाटावी, असं. माणगावच्या एका स्टुडिओवाल्याने ते रेकॉर्ड केलं आणि मला फोन केला. "बाई, गाणं लांबलंय. शेवटचं कडवं काढू का? शाहीर म्हणतात, बाईंना विचारा, त्या म्हणतील तसं."

मी पोहे परतत होते. कडवं कुठलं, कसलं, काही विचारलं नाही. तेच नाव, तेच गाव, ह्या हिशेबाने म्हणाले, "काढा. त्याने काय बिघडतंय?"

सगळंच बिघडलं. बिननावाचं गाणं रान मोकळं सापडल्यासारखं उधळलं. लग्नात वाजलं, रीलमध्ये वाजलं, हॉटेलवाल्यांनी जाहिरातीला लावलं. ज्यांची टर उडवली त्यांनीच! आणि सगळीकडे तोच शब्द, पारंपरिक. सदूभाऊ गेल्यावर पंचायतीच्या सभागृहात शोकसभा झाली. बॅनरवर फोटो त्यांचा, आणि त्याहून मोठा फोटो बॅनर लावणाऱ्याचा. एक पुढारी म्हणाले, "आपल्या पूर्वजांनी रचलेलं गाणं सदूभाऊंनी जिवंत ठेवलं." मी उभी राहिले. म्हटलं, "पूर्वजांच्या घरी एसी होता का हो?" लोक हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत. मला खाली बसवलं आणि भजन सुरू केलं. सबंध सभेत सदूभाऊंचं एक गाणं वाजलं नाही. म्हणे, अशा प्रसंगी थिल्लर नको. पन्नास वर्षं ज्याने तुम्हाला हसवलं, त्याचं हसणंच थिल्लर? लाज कशी वाटली नाही!

घरी आले ती तणतणतच. स्टुडिओवाल्याला फोन लावला आणि चांगली खरडपट्टी काढली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "बाई, पण कापायला तुम्हीच सांगितलंत." आणि त्याने पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं. तेव्हा पहिल्यांदा ते कडवं मी ऐकलं.

*चाळिशीत ज्यानं धरली पाटी,*
*बाई गुरू त्या सदूसाठी,*
*वेलांटी चुकली, मारा काठी,*
*नाव बाईंचं माज्या ओठी...*

गुरूच्या जागी या वेळी ढोलकीवाला म्हातारा नव्हता. मी होते. आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव, गावाचं नाव, सगळं नीट रीतीने.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून त्यांच्या घरी गेले. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, मी ते ऐकलंच नव्हतं, वाचलंच नव्हतं, सांगता सांगता रडले. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांना वाटलं, नाचगान्यात नाव घेतलेलं तुमाला आवडलं न्हाय. शाळंतल्या बाई, कमीपना वाटला आसंल. म्हनून इचारलं न्हाय त्यांनी तुमाला. मनाला लागलं होतं, पन बोलले न्हाय." उठून आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. "त्याच्यानंतर नवीन आनली व्हती. तुमी न्या."

आता ती वही माझ्या टेबलावर आहे. वर कव्हर घातलंय, शाळेत मी घालायला लावायचे तसं. पहिल्या पानावर नाव, एकही वेलांटी न चुकता. आतली सगळी पानं कोरी आहेत.