सरळ दिसणारं स्टेअरिंग

गंगापूरकडच्या आमच्या शेताचा रस्ता काळ्या मातीचा. जरा ओल झाली की आमची जुनी छोटी जीप पोटावर टेकायची, म्हणून ती उंच करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. बायको नको म्हणत होती, कारण ती रोज त्याच गाडीनं बिडकीनच्या शाळेत शिकवायला जाते. मी हट्टानं स्प्रिंगवर दोन इंचांचे ठोकळे बसवून घेतले आणि रुबाबात घरी आलो.

गाडी सरळ चालायची, पण स्टेअरिंग डावीकडं वाकडं राहायचं. बायकोनं एक चक्कर मारली आणि म्हणाली, "काहीतरी बिघडलंय. आपली पोरगी यात बसणार नाही." झालं, माझा पारा चढला. शुक्रवारी संध्याकाळी मी मधला नट सोडला, स्टेअरिंग उपसून काढलं आणि सरळ करून परत बसवलं. गाडी दुरुस्त झाली असं तिला वाटलं, तर वाटू दे म्हटलं.

शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन गेली तेव्हा मी झोपेत होतो. उठल्यावर आतल्या खोलीत न डोकावताच मोटरसायकल काढून अलाइनमेंटवाल्या उस्तादांकडं गेलो, सोमवारची वेळ ठरवायला. माझी करामत त्यांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत.

"काढून बसवलं? अरे बाबा, खाली रॉड असतो, तो फिरवून सरळ करतात. अन् ठोकळे घालून गाडी उचलली की पुढचा अ‍ॅक्सल फिरतो. स्टेअरिंग हलकं होतं. जोरात असताना खड्डा लागला तर चाकं लई थरथरतात, स्टेअरिंग हातात राहत नाय. गाडी कुठंय?"

"बायको घेऊन गेलीय. बिडकीनला."

उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. "फोन लावा. हळू चालवा म्हणावं."

तिनं फोन उचलला नाही. गाडी चालवताना ती उचलतच नाही.

मी तसाच मोटरसायकलवर बिडकीनकडं जाणाऱ्या पैठण रोडला लागलो. निदान पोरगी घरी आजीजवळ झोपलीय, एवढंच मनाशी घोकत होतो. मला भीती वाटत होती, अगदी लहानपणी वाटायची तशी, नुसती भीती. एका ठिकाणी रस्त्यावर लोक जमलेले दिसले आणि मी मोटरसायकल आणखी दामटली. जवळ गेलो तर उसाचा रस पीत होते. मला त्यांचाच राग आला.

बिडकीनच्या अलीकडं गाडी दिसली. पुढची दोन्ही चाकं रस्ता सोडून खाली मातीत उतरलेली. बायको दाराला टेकून उभी होती. शेजारी दगडावर पोरगी बसली होती.

"खड्डा लागला अन् सगळी गाडी थरथरायला लागली," बायको म्हणाली. "समोरून ट्रक येत होता. कशीबशी खाली घेतली. हिला मी आणणारच नव्हते. पण हिच्या शाळेला सुट्टी म्हणून मागं लागली, अन् सकाळी स्टेअरिंग सरळ दिसलं. म्हटलं, तुम्ही नीट करून घेतलंत."

मग सांगावंच लागलं. मी नुसतं स्टेअरिंग सरळ केलं होतं, गाडी नाही.

तिनं पोरीचा हात धरला आणि बिडकीनकडं निघालेल्या काळीपिवळी जीपला हात केला.