वेटिंग रूममधला पब

पब बंद झाला, पण आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी ग्रुपमध्ये त्याचे किस्से काही बंद होत नाहीत. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला एकाने किस्सा सुरू केला की जेवण गार होतं.

पब होता तासाभराच्या ड्राइव्हवर, एका खेड्यातल्या जुन्या रेल्वे स्टेशनात. पॅसेंजर गाड्या कधीच बंद झालेल्या; मालगाड्या तेवढ्या न थांबता जायच्या. रेल्वेतून रिटायर झालेल्या वॉल्टरने तिथल्या वेटिंग रूममध्ये पब काढला होता. मी, बायको सायली आणि नागपूरचा मित्र मंदार तिथे पहिल्यांदा गेलो ते टायर पंक्चर झाला म्हणून. नंतर गेलो ते असंच.

*

वॉल्टर ऑर्डर घ्यायचा तिकीट खिडकीतून. एक बियर हवी तर वन-वे, दोन हव्या तर रिटर्न. त्या दिवशी ड्राइव्ह मंदार करणार होता. तो म्हणाला, मला प्लॅटफॉर्म तिकीट दे. वॉल्टरला कळेना. मंदारने समजावलं, आमच्याकडे प्रवास न करता नुसतं पोचवायला येणाऱ्यालाही तिकीट काढावं लागतं.

वॉल्टरने हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "उभा जन्म रेल्वेत काढला. हे आम्हाला का नाही सुचलं?"

पुढच्या खेपेला बोर्ड लागला होता: ड्रायव्हरसाठी प्लॅटफॉर्म तिकीट, फक्त लेमोनेड.

*

मालगाडी आली की इमारत हलायची. सगळे आपापला ग्लास उचलून धरायचे, तोंडातलं वाक्य थांबवायचे आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलायचे.

एकदा रॉय नावाचा ट्रॅक्टर मेकॅनिक मैत्रिणीला मागणी घालायला गुडघ्यावर बसला, तोंड उघडलं आणि गाडी आली. लांबलचक. रॉय तसाच बसलेला, हातात अंगठी. मैत्रिणीने तेवढ्यात त्याचे फ्राइज संपवले. गाडी गेल्यावर ती म्हणाली, "हो."

रॉय म्हणाला, "आधी मला उठव."

*

मंदारने एकदा तिथूनच ऑफिसचा कॉल घेतला, वर्क फ्रॉम होम सांगून. मध्येच गाडी धडधडत गेली. मॅनेजर बिचारा भला माणूस. कॉल संपल्यावर त्याने मंदारला घरासाठी तीन शांत वस्त्यांची नावं पाठवली.

*

मग वॉल्टरचे गुडघे गेले आणि त्याची मुलगी त्याला तिच्या घरी, लांब चँडलरला न्यायला आली. शेवटच्या दुपारी सगळं गाव जमलं. मंदारची आई भारतातून आली होती, म्हणून काकूही आमच्याबरोबर.

बोलता बोलता वॉल्टर म्हणाला, एकच राहून गेलं, इथे एकदा तरी गाडी थांबलेली बघायची होती. मंदारने आईला ते मराठीत सांगितलं.

"थांबत नाही म्हणजे?" काकू म्हणाल्या. "स्टेशन आहे ना?"

तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. काकू पदर खोचून प्लॅटफॉर्मवर गेल्या आणि एसटीला करतात तसा हात केला. वळणामुळे गाडी हळूहळू येत होती. ब्रेक किंचाळले. ती अख्खी मालगाडी पबासमोर थांबली.

सवयीने उचललेले ग्लास सगळ्यांच्या हातात तसेच. वॉल्टर दाराची चौकट धरून उभा होता, डोळे भरलेले.

इंजिन ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. कुणाला लागलंय का, गाडी का थांबवली, असं विचारत सुटला.

मंदारने आईकडे बघितलं.

"त्याला सांग," काकू म्हणाल्या, "स्टेशन आलं म्हणून."