लहान्याची ओ

आमच्या सिंदेवाहीकडच्या गावात वाघाची भीती कोणी लपवत नाही. लपवलीच तर समजावं, बाहेरगावचा जावई आहे. चैत्रात उजाडता उजाडता मोहफुलं वेचायला रानात जावं लागतं, आणि वेचायचं म्हणजे वाकावं लागतं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. म्हणून आपापल्या झाडाखाली वेचताना मधूनमधून एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. आमच्या घरी हाक बाबांची. ओ आधी सगळ्यात लहानाची, मग माझी, शेवटी मायची. लेकरांचा आवाज ऐकल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही.

सगळ्यात लहान माझा भाऊ, आणि महाबिलंदर. मुद्दाम गप्प बसायचा. मी रडकुंडीला येऊन त्याला शोधायला निघाले की मग झुडपामागून हसत ओ द्यायचा. मायनं एकदा त्याला फोकानं झोडपलं.

"हाक आली का आंधी ओ दे, मंग हास किती हासाचं थे!"

पुढे तो फौजेत गेला आणि तिथून शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत, लढाई पेटलेल्या एका देशात. मायनं एकच विचारलं, "तिथी वाघ हायेत का?"

"नाई माय, वाघ नाईत."

ती खूश झाली, गावभर सांगत फिरली. मला मात्र झोप लागेना. आपला वाघ निदान माणसाचा गलका ऐकून बाजूला होतो. तिथल्या बंदूकवाल्यांचं काय?

त्याचा फोन मधेच मुका व्हायचा. माय ओरडायची, "ओ दे ना रे!" आणि आवाज परत येईपर्यंत आम्ही कोणी श्वास घेत नसू.

दिवाळीच्या आधी त्यांच्या छावणीवर तोफगोळे पडले. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, ती उघडू दिली नाही. माय पेटीला कान लावून बसली. तिला उठवायला चार बाया लागल्या.

यंदा मोह गळायला लागला तशी ती टोपली घेऊन निघाली. पहिल्याच दिवशी बाबांनी हाक दिली. मी ओ दिली. मायची आली नाही. बाबांनी पुन्हा हाक दिली, आवाज फाटला. वाघ असला तर हटावा म्हणून मी डबा बडवत तिच्या झाडाकडे पळाले. माय झाडाखाली धडधाकट उभी होती.

"काऊन ओ नाई दिली वं?"

"लहान्याची येऊ दे ना आंधी," ती म्हणाली. "त्याच्या आंधी मी कशी देऊ?"

बाबा मटकन खाली बसले. मला तिचा भयंकर राग आला. वाघ काही आपला दुखवटा पाळत नाही. उद्यापासून घरीच राहा म्हटलं, पण ती ऐकते थोडीच!

दुसऱ्या दिवशी ती आमच्याही पुढे गेली. बाबांनी हाक दिली. मी मोहाचा बुंधा धरून उभी राहिले. बराच वेळ धीर होईना. शेवटी लहान्याच्या आवाजात त्याची ओ दिली, मग माझी. रान गप्प झालं. वाघापेक्षा मला त्या गप्प राहण्याची भीती वाटली.

मग मायची ओ आली. आणि पाठोपाठ तिचा चिडका आवाज.

"एवढा येळ काऊन लावला रे?"

मी वाकून फुलं वेचायला लागले. बाबांच्या पुढच्या हाकेला त्याची ओ लगेच दिली.