गेटच्या आत ओन्ली इंग्लिश

रायपूरजवळ उरला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथली धूळ आणि तिथल्या आमच्या शाळेचे किस्से सारखेच. सकाळी झाडा, संध्याकाळी परत तेवढेच जमा!

छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या शाळेची पाटी रातोरात इंग्लिश मीडियम झाली. मास्तर तेच, पोट्टे तेच. प्रिन्सिपल साहेबांनी नियम काढला, "गेटच्या आत ओन्ली इंग्लिश! दुसरं बोलाल तर सरळ हिंदी सेक्शन!"

दुसऱ्या दिवशी शाळेत चिडीचूप. साहेब खूश. मले केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "देखा मॅडम, इंग्लिश से कैसा डिसिप्लिन आता है!"

*

पीटीचे सर तर सगळं शिट्टीवरच करून राहिले होते. पोट्टा पळाला, शिट्टी. पोट्टा बसला, शिट्टी.

मी म्हटलं, "सर, काहून असं? काही तरी बोला ना!"

त्यांनी मलेही शिट्टी वाजवली.

*

भांडण आत सुरू झालं, की दोघं पोट्टे एकमेकांची कॉलर धरून गुपचूप गेटबाहेर जात. तिथं छत्तीसगढीत मनसोक्त शिव्या देत. मग शर्ट खोचून, हात पुढं करून, "मे आय कम इन, सर?"

आम्ही मास्तर लोकही चहा तिथंच प्यायचो. बोलायचं कुठं, सांगा!

*

नववीत सुखबती होती. बाप, म्हणजे तिचा बाबू, उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये. पोट्टी हुशार, पण इंग्लिश सगळं घोकलेलं. स्वतःचं एक वाक्य निघत नव्हतं. एकदा तोंडून "पानी" निघालं, तर साहेबांनी बजावलं, "एक बार और, तो हिंदी सेक्शन!"

गेटबाहेर येऊन रडली बिचारी. "मॅडम, बाबू ने पूरी मिल में मेरे इंग्लिश मीडियम की मिठाई बाँट दी है..."

मले असा संताप आला! पण बोलली कुठं मी? मीही गेटच्या आतच नोकरीला होते ना.

*

मग आले मोठे पाहुणे. मांडव, हार, कूलर. साहेब माईकवर इंग्लिश भाषण वाचून राहिले होते, आणि त्यांच्या मागं कूलरच्या वायरनं पडदा पेटला!

समोरच्या साऱ्या पोट्ट्यांना दिसलं. कोणी हूं की चूं नाही! एकानं हात वर केला, साहेबांनी खूण करून बसवलं. पीटीच्या सरांनी शिट्टी मारली, तर सारी शाळा सावधान!

सुखबती उठली. धावत गेली ती थेट गेटबाहेर. सडकेवरून जीव तोडून ओरडली, "आगी लग गे हे सर! पाछू देखव!"

बादल्या आल्या, पडदा विझला. पाहुणे वाचले, साहेबांच्या कोटाचं शेपूट तेवढं जळालं. त्याच धुरकट कोटात साहेब पाहुण्यांसमोर कडाडले, "हू स्पोक छत्तीसगढी?"

सुखबती गेटमधून आत आली. मान ताठ.

"सर," ती म्हणाली, "आय वॉज आउटसाइड द गेट."